चटका न लागणारे हात

“आमच्या इहीनबाईच्या हाताले चटका लागतच नाई, पाहा नं!”

ताईची होणारी सासू असं म्हणाली तेव्हा मी मागच्या दारात पाण्याचे पेले मांडलेली परात धरून उभी होते. मार्गशीर्ष होता, ताईच्या साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस. अंगणात चुलीवर मातीचा माठ उपडा घातलेला, खाली पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळल्या काड्यांचा, जाळ, आणि आई मांडे करत होती. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर घेऊन ती तो फिरवत फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि धोतराच्या पदराइतका पातळ झाला की तापल्या माठावर टाकायची. मांडा उलटायला इतर बायका चिमटा नाहीतर ओला फडका घेतात. आई बोटांनीच उलटत होती.

“पोट्टीले आंदणात भांडे नोका देऊ,” वडनेरहून, ताईच्या सासरहून, आलेल्या बायकांतली दुसरी म्हणाली. “हेच हात द्या.”

“हात देईन मी,” आई म्हणाली, “पण मंग तुमच्या इवायाले कोन घालन जेवाले?”

सगळ्या हसल्या. आईही हसली. आईला असं चारचौघींत हसताना मी फार वेळा पाहिलेलं नव्हतं. मीही हसायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला तिच्या उजव्या हाताची बोटं दिसली. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांना पाण्याने भरलेले टपोरे फोड होते. एक फुटला होता. त्याची कातडी पुरणाला चिकटून मांड्यावर गेली असावी. आईने तेच बोट पुन्हा माठाला लावलं आणि मांड्याची कड सोडवली. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मी बोटांकडे बघत राहिले आणि परातीतले पेले एका बाजूला घसरले. “नीट धर वं,” ताई मागून म्हणाली. मी परात खाली ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन उभी राहिले.

मला जे कळलं होतं ते का कळलं, हे सांगायला हवं. मी डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. मी टाइपिस्ट होते.

बाबांचं समुद्रपूरला कापडाचं दुकान होतं आणि गावाबाहेर थोडी शेती. एका तरी मुलीने इंग्रजी बोलावं म्हणून त्यांनी मला आठव्या वर्षी नागपूरला मिशनच्या शाळेत, वसतिगृहात ठेवलं. सुटीत घरी यायचे ती पाहुण्यासारखी. आई मला वेगळी चादर काढून द्यायची, माझ्या ताटात तिखट कमी वाढायची. ताईला ती रागवायची, मला कधी रागवली नाही. मला घरची बोली समजायची, पण माझ्या तोंडून ती निघाली की लोक हसायचे, म्हणून मी बोलणंच कमी केलं होतं. शिक्षण झाल्यावर मला वर्ध्याला नोकरी लागली. पिपरी मेघेला मामांकडे राहायचं, सायकलने ऑफिसात जायचं. ते ऑफिस म्हणजे कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या खेड्यातल्या कार्यकर्त्यांना शिकवणारं एक केंद्र होतं. बाबा गावात एवढंच सांगायचे की, “पोरगी वर्ध्याले इंग्रजी टाइपचं काम करते.” कुठे, ते मीही कोणाला सांगायचं नाही, असं त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. ताईचं स्थळ तेव्हा चालू होतं.

केंद्रात मी स्टेन्सिल कापायचे. शिकवणारे साहेब इंग्रजीतून नोट्स लिहून द्यायचे, मी त्या टाइप करायचे, मग सायक्लोस्टाइलवर त्यांच्या प्रती निघायच्या. कोणत्या नसेला सूज आली तर कोणतं बोट बधिर होतं. अंगठा आणि पहिल्या बोटामधलं मांस कसं झिजतं. रोग्याला डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकाने हात कुठे कुठे टेकवायचा, आणि त्याने नेमक्या त्या जागी बोट ठेवलं की नाही हे कसं लिहायचं. चेहऱ्याची नस गेली तर पापणी मिटत नाही. डोळ्याच्या स्पर्शाची नस गेली तर बुबुळाला काही लागलेलं कळत नाही. दोन्ही एकदम गेल्या तर डोळा उघडा राहतो, धूळ बसते, जखम होते, आणि माणसाला दुखत नाही म्हणून तो कोणाला सांगत नाही. हे सगळं मी इतक्या वेळा टाइप केलं होतं की वाचत नसे. चुका पुसायचं लाल पाणी नखांना लागायचं, तेवढं आठवतं.

साक्षगंधाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आई कापसाच्या खोलीत आडवी झाली होती. वेचणीचे दिवस होते. कापूस खरेदी केंद्रावर जाईपर्यंत समोरच्या खोलीत छातीएवढा ढीग असायचा आणि आई त्याच्याच कडेला डोकं टेकून घटकाभर झोपायची. मी तिच्या बोटांना लावायला मलम घेऊन आले. ती गाढ झोपली होती, श्वास संथ चालला होता. डावा डोळा मिटलेला. उजवा अर्धवट उघडा होता आणि त्यातून पांढरं दिसत होतं.

बाबा दारातून बघत होते. “तुही माय झोपेत बी घर राखते,” ते कौतुकाने म्हणाले. “दिवाळीपासून पाहून राह्यलो मी. एक डोया उघडाच.”

“दिवाळीपासून?” मी विचारलं.

“हो. लग्न आटपलं का तिची ड्युटी मी घेतो.” ते हसत दुकानात गेले.

मी तिथेच बसले. खोलीत कापसाचे तंतू उडत होते, उन्हाच्या पट्ट्यात स्पष्ट दिसत होते. त्यातला एक खाली आला आणि आईच्या उघड्या डोळ्यावर बसला. पापणीवर नाही, डोळ्यावरच. मी वाट पाहिली. झोपेतही माणूस असं काही झालं की डोळा घट्ट करतं, मान फिरवतं. तो तंतू तिथेच राहिला, श्वासाबरोबर थोडा हलत राहिला. बुबुळाला स्पर्श कळतो का हे बघायला कापसाचा तंतू लावायचा, हे वाक्य मी स्टेन्सिलवर कापलं होतं. त्या क्षणी मला ते ज्या जाड कागदावर होतं तो कागद, तो परिच्छेद, त्यातली पुसलेली चूक, सगळं दिसलं.

आई जागी झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. तंतू अजून डोळ्यात होता.

“असं काय पाह्यतं वं?”

“काही नाही,” मी म्हणाले, आणि तिच्याच पदराच्या टोकाने तो तंतू काढला. तिने डोळा मिटलासुद्धा नाही.

त्या संध्याकाळी मी एक खेळ काढला. लहानपणी आम्ही बहिणी पाठीवर बोटाने अक्षर लिहून ओळखायला लावायचो. मी आईला म्हटलं, तळहातावर लिहिते, डोळे मिट आणि ओळख. तिला नवल वाटलं असणार. मी तिच्याशी कधी खेळले नव्हते. पण ती लाजत लाजत ओसरीवर बसली आणि डोळे मिटले. डाव्या तळहातावर मी ‘ग’ लिहिला. “ग,” ती म्हणाली. ‘म’ लिहिला. “म. मी काई अडाणी नाई, चौथी शिकली हाये.”

मग मी उजवा हात घेतला. बोटं थोडी आत वळलेली होती, करंगळी जास्त. मी हळू, मोठा ‘क’ लिहिला. आई थांबून होती. मी पुन्हा लिहिला, जरा दाबून.

“लिही नं बाप्पा,” आई म्हणाली. “किती वाट पाह्याले लावतं?”

ताई तांदूळ निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

“झालं,” मी म्हणाले. “मला अक्षरच सुचलं नाही.”

आईने डोळे उघडले आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. तोच उजवा हात.

वर्ध्याला केंद्रात परत गेल्यावर मी त्या नोट्स पहिल्यांदा नीट वाचल्या. आणि ज्या वाक्याची मला भीती होती ते सापडलं. नस अलीकडे गेलेली असेल, सहा महिन्यांच्या आत, तर गोळ्यांनी ती परत येऊ शकते. त्यानंतर आशा कमी. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. दिवाळीपासून सहा महिने म्हणजे वैशाख. ताईचं लग्न वैशाखात होतं.

लग्नाआधी हे बाहेर आलं तर लग्न मोडणार, यात मला शंका नव्हती. महारोग असलेल्या बाईची पोरगी कोण करून नेणार? आणि लग्नानंतर सांगितलं तर डोळा गेलेला असणार. मी रोज सकाळी सायकलवर हे दोन्ही बाजूंनी करून बघायचे. तिसरं काही निघायचं नाही.

मी तिसरं काढायचा प्रयत्न केला, तो असा. पौषात आईला हिंगणघाटला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. बाबांना सांगितलं, चष्म्याचा नंबर काढायचा. मनात होतं की तिथे डॉक्टर स्वतःच ओळखेल, मग ते त्याने सांगितलेलं होईल, मी नाही. दवाखान्यात बाकावर आमच्या शेजारी कोण बसलं असावं? ताईचं स्थळ ज्यांनी आणलं होतं त्या बाई, गुडघा दाखवायला आलेल्या नवऱ्याबरोबर. एकाच इमारतीत दोन दवाखाने होते.

“लेकीच्या लग्नात डोये चमकावाचे हाये वाट्टे,” त्या आईला म्हणाल्या आणि आमच्यासोबत आतही आल्या, सोबत म्हणून.

डॉक्टरने आईला खुर्चीवर बसवलं, टॉर्च मारला. “डोळे मिटा. घट्ट.”

आईने घट्ट मिटले. घट्ट मिटले की उजवाही जवळजवळ मिटायचा. जोर लावून मिटायला सांगू नये, झोपल्यासारखे हलके मिटायला सांगावे, तेव्हाच फट दिसते, हे मला माहीत होतं. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते.

“हवा लागली असेल चेहऱ्याला. थंडी आहे,” तो म्हणाला. “थेंब देतो. अजून काही त्रास?” त्याने माझ्या कपड्यांवरून माझ्याकडे पाहून विचारलं, “एनिथिंग एल्स?”

त्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

“नो, डॉक्टर,” मी म्हणाले.

परतीच्या एसटीत आई खिडकीशी बसली होती. गार वारा थेट तिच्या तोंडावर येत होता, समोरच्या सीटवरची लहान मुलगी डोळे बारीक करत होती. आईचा उजवा डोळा उघडा होता आणि त्यातून पाणी गालावर ओघळत होतं. “डाक्टर चांगला होता,” ती म्हणाली. “कसा इंग्रजीत बोलला तुह्याशी.” मी तिला खिडकीपासून आत घेतलं आणि स्वतः तिथे बसले. त्याहून जास्त मी काही केलं नाही.

ताईला मी सांगितलं ते शेतात, हरभऱ्याच्या धुऱ्यावर, बांधावर. ती घाटे फोडून हिरवे सोलाणे खात होती. सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, “तुह्या हापिसात असेच लोक येतात?”

“बरे होतात ते, ताई. आता नवी औषधं आहेत. आणि घरातल्या सगळ्यांना लागतंच असं नाही.”

“मले शिकवू नोको.” तिने आणखी एक घाटा तोडला. मग म्हणाली, “वैशाखापर्यंत थांब. लग्न होऊ दे, मंग सांगजो. मी पाया पडतो तुह्या.”

“डोळा जाईल तिचा.”

“अन् माह्यं काय जाईन ते नाई मोजलं तू?” ती ओरडली नाही. बोटांतल्या घाट्याचे बारीक तुकडे करत राहिली. “तू जाशीन वर्ध्याले. मी या गावात राहीन, याच घरात, मायसंग. लोक पाणी नाई घेणार आपल्या घरचं.”

मी थांबायचं कबूल केलं. हे मी लिहून ठेवते, कारण नंतर अनेक वर्षं मी ते ताईवर ढकलत आले. ताईने मागितलं होतं. हो म्हणाले ती मी.

मग आम्ही दोघींनी आईला वाचवायचा एक वेडा उद्योग सुरू केला. ताई तिला चुलीजवळ येऊ देईना. चुलीवरचं तापलं पातेलं उतरवायला धावायची, चहाचा कप आधी स्वतः धरून बघायची, विळी लपवायची. मी दर शनिवारी वर्ध्याहून यायचे. आईने दुपारी झोपताना डोळ्यांवर ओला रुमाल बांधावा, मी म्हणायचे, थंडावा मिळतो, शहरात सगळ्या बायका बांधतात. दर तासाला दहादा डोळे जोरात मिटावेत, त्याने सुरकुत्या जातात. ती ऐकायची. मी इंग्रजी शिकले होते म्हणून ऐकायची. रोज सकाळी मी घरी असले की तिचे हात उलटेपालटे करून बघायचे, ती विचारायची काय शोधतं वं, मी म्हणायचे तुझ्या बांगड्या बघते.

पण ती खंगत चालली. हाताला काम नाही म्हणून. एकदा मी ओसरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा ती बाबांना सांगत होती, “मले हटकून राह्यल्या दोघी बी. स्वैपाकाले हात लावू देत नाई. म्हातारी झालो का मी? मांड्यासाठी लोक मले इकडून तिकडून बोलावतात, अन् घरात मलेच…” पुढचं तिने पदरात पुसलं.

बाबा म्हणाले, “लेक सासरी जाणार म्हणून माया करून राह्यल्या. करू दे.”

आईला आयुष्यात एकाच गोष्टीचं कौतुक मिळालं होतं. तिच्या हाताला चटका लागत नाही. ते केव्हापासून, असं मी एकदा सहज विचारलं. “दोन-तीन वर्सं झाले,” ती म्हणाली, अभिमानाने. “पहिले लागे. मंग देवानं दिलं.” तिने मान वळवली तेव्हा गळ्यातल्या पोतीच्या मण्यांखाली, कानामागून खाली येणारी एक नस दोरीसारखी उठलेली दिसली. तीही नोट्समध्ये होती. आकृती क्रमांकासकट होती.

माघ गेला. केंद्रात मी एकदा साहेबांना विचारलं. स्टेन्सिल हातात धरून, जणू नोट्समधली शंका असावी तसं. चार महिने झाले असतील तर काय लिहायचं, ‘अलीकडे’ की ‘जुनं’?

साहेब म्हातारे होते, खेड्याखेड्यांतून सायकलवर फिरलेले. त्यांनी चष्मा काढला. “कोणाचा डोळा?”

“कोणाचा नाही, सर. इथे वाक्य नीट नाही, म्हणून.”

त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. “बेटा, सहा महिने हे आम्ही शिकवायला लिहितो. नसेला कॅलेंडर नसतं. ती रोज थोडी मरते. ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी आणायचं.” मग म्हणाले, “आणणाऱ्याला कोणी काही विचारत नाही इथे.”

मी ‘अलीकडे’ टाइप केलं आणि नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला ज्या दिवशी कळलं होतं त्याला त्या वेळी अडीच महिने झाले होते.

होळीला घरी गेले तेव्हा आईच्या उजव्या बुबुळाच्या खालच्या कडेला मोहरीपेक्षा लहान पांढुरका ठिपका होता. मी तिला उजेडाकडे तोंड करायला लावलं, पुन्हा लावलं. “दुखतं का?”

“नाई. काऊन?”

“चुरचुरतं?”

“काईच होत नाई म्हणते नं, माय.”

मी ताईला ओढत आणून तो ठिपका दाखवला. ताई बघून आत गेली आणि कपाटाला टेकून उभी राहिली. तिच्या अंगावर लग्नासाठी शिवलेलं नवं पोलकं होतं, मापासाठी घातलेलं. “बस्त्याचा दिवस ठरला हाये,” ती म्हणाली. “पंधरा दिवस. त्याच्यानंतर लग्नाले महिनाच.” हे ती मला सांगत नव्हती.

बस्ता म्हणजे लग्नाचं कापड काढायचा दिवस. दुकान आमचंच, म्हणून वडनेरची मंडळी आमच्याकडे आली. चैत्राचं ऊन होतं. पुरुष दुकानात गाद्यांवर बसले, लुगड्यांचे गठ्ठे सुटत होते. बायका मागच्या अंगणात आल्या आणि ताईच्या सासूने पहिलंच वाक्य काढलं, “इहीनबाई, आज मांडे पाह्यजेत. माह्या मोठ्या सुनेले दाखवाले आणली मी, पाह्य म्हटलं कसे करतात.”

आई उठली. ताई पुढे झाली, “मी करतो, मावशी, आईची तब्येत…”

“काय झालं तब्येतीले?” आई जवळजवळ भांडली. “मी करतो. सरक.”

चार महिन्यांनी तिला माठासमोर बसायला मिळालं होतं. तिने पदर खोचला, जाळ सारखा केला, पुरणाचे गोळे मांडले. दहा-बारा बायका भोवती बसल्या. ती एकदम तरुण दिसायला लागली. मी खांबाशी उभी होते, जिथून तिचे हात दिसत होते.

“माठ तापला का पाहा पहिले,” कोणीतरी म्हणालं.

आईने उजवा हात पुढे केला आणि तळहात माठावर ठेवला. इतर बायका जवळ नेऊन झळ बघतात. तिने ठेवला. आणि तेवढ्यात ताईच्या सासूने काही थट्टा केली, नवरदेव लहानपणी शाळेला दांड्या मारायचा त्यावरून, आणि आई मान वळवून तिला उत्तर द्यायला लागली. हात तिथेच राहिला. ती बोलत होती, हसत होती. सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत होत्या. चुलीवर केस जळाल्यासारखा वास आला, मग तो वास बदलला.

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिने मान हलवली. नाही.

मी पुढे झाले. कसे गेले माहीत नाही, पण आईचं मनगट माझ्या हातात होतं आणि मी ते माठावरून ओढत होते. ते सहज आलं नाही. तळहाताची कातडी थोडी माठाला राहिली. आई माझ्याकडे बघत होती, वेदनेने नाही, मी पाहुण्यांसमोर असा धसमुसळेपणा केला म्हणून.

“काय करून राह्यली वं?”

“राह्यू द्या, इहीनबाई,” ताईची सासू हसत म्हणाली. तिला अजून हात दिसला नव्हता. “तुमची पोट्टी घाबरली. तिले काय मालूम, तुमच्या हाताले चटका लागतच नाई म्हणून.”

मी आईचा तळहात उलटा करून त्या बाईसमोर, सगळ्यांसमोर धरला. मागे ताई रडायला लागली होती.

“लागते, मावशी,” मी म्हणाले. “तिच्या हाताले चटका लागते, तिले समजत नाई. तिचा डोया बी चालला. महारोग हाये माह्या मायले. मले मार्गशीर्षापासून माहीत हाये, मी वर्ध्याले त्याच हापिसात काम करतो. तो बरा होते. लग्न मोडाचं त मोडा, पण उद्याच्या पहिल्या गाडीनं मी तिले नेऊन राह्यली.”